नववीत असतानाच दाखला काढा

मे, केपे (गोवा)

दहावीचा निकाल लागला की जमातीच्या दाखल्यासाठी पळापळ सुरू होते. खरं तर ती नववीतच उरकायला हवी.

गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ साली. अनुसूचित जातींना असते तशी धर्माची अट जमातीला नाही. त्यामुळे हिंदू गावडा, ख्रिस्ती गावडा आणि १९२८ च्या शुद्धी चळवळीत ख्रिस्ती धर्म सोडून हिंदू झालेला नवहिंदू गावडा, तिघांच्याही मुलांचा हक्क सारखाच. आईबापांचं म्हणणंही एकच: पोर शिकून नोकरीला लागू दे.

अडतं ते कागदांत. नवहिंदू घरात पणजोबांची नोंद ख्रिस्ती नावाने, आजोबांची हिंदू नावाने. कचेरीतल्या माणसाला हे बापलेक आहेत हे कळायचं कसं? ख्रिस्ती घरात फर्नांडिस आडनावावरून जमात ओळखू येत नाही. हिंदू घरात गावडे हे आडनाव रोमन लिपीत एका कागदावर 'डब्ल्यू'ने, दुसऱ्यावर 'यू'ने. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. एका कागदावर पणजोबांपासून मुलापर्यंत वंशावळ लिहायची. प्रत्येक नावासमोर जन्माचा, शाळेचा किंवा इगर्जीतला (चर्चमधला) बाप्तिस्म्याचा दाखला लावायचा. नाव बदललं असेल तिथे दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र. मुलाच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी शाळेच्या रजिस्टरात सुधारून घ्यावं. एकदा मार्कशीटवर छापलं की खेटे ठरलेले.

मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. पैसे जातात आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नव्हे. 'पैसे आलेच नाहीत' म्हणणाऱ्यांनी आधी जुनं, विसरलेलं खातं तपासावं.

शाळेच्या माध्यमाचा प्रश्न मात्र दाखल्याने सुटत नाही. गोव्याच्या १९९० च्या धोरणाने अनुदान दिलं मातृभाषेतल्या प्राथमिक शाळांना. २०११ पासून इंग्रजीलाही वाट मिळाली. तरी केपे, सांगे, काणकोणच्या वाड्यांवर जवळची शाळा बहुतेक सरकारी मराठीच. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि पाचवीला एकदम इंग्रजी. ख्रिस्ती घरातल्या आईला कोकणी रोमन लिपीत वाचता येते, मुलाची देवनागरी वही तपासता येत नाही. पाचवीत मूल गणितात मागे पडतं ते बहुतेकदा गणित येत नाही म्हणून नव्हे. कालचा छेद आज 'डिनॉमिनेटर' झालेला असतो. दोष मराठी शाळेचा नाही, चौथी-पाचवीच्या मधल्या उन्हाळी सुट्टीत काहीच न करण्याचा आहे. चौथीच्या मे महिन्यात रोज अर्धा तास, चौथीचंच गणिताचं पुस्तक, पण इंग्रजी आवृत्तीतलं. हिशेब ओळखीचे असतात, फक्त शब्द नवे, त्यामुळे मूल घाबरत नाही. ट्यूशन लावायचीच तर ती दहावीत लावण्यापेक्षा इथे लावावी.