न्यूपोर्ट: बंगल्यांच्या अलीकडचा चौक

बॉस्टनकडची आपली मंडळी न्यूपोर्टला जातात ती 'द ब्रेकर्स'सारखे बंगले बघायला. आम्ही ते या खेपेला सोडलं आणि थेट वॉशिंग्टन स्क्वेअर गाठला. १७८६ साली अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात कागदी नोटांवरून जी रणं माजली, ती इथलीच.

चौकाच्या वरच्या टोकाला लाल विटांचं ओल्ड कॉलनी हाउस, खालच्या टोकाला ब्रिक मार्केट. सरकार आणि बाजार समोरासमोर, मधे दोन-चार मिनिटांची चाल. कॉलनी हाउसच्या तळमजल्यावर एकच लांबलचक दालन आहे, मधोमध खांबांची रांग. विधिमंडळ वरच्या मजल्यावर बसायचं.

स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर विलायती मालापायी सोनं-चांदी देशाबाहेर गेली. शेतकऱ्याकडे जमीन होती, गुरं होती. कर आणि कर्ज फेडायला रोकडा पैसा नव्हता. व्यापारी कागदी चलनाला राजी होईनात, तेव्हा १७८६ च्या निवडणुकीत शेतकऱ्यांच्या बाजूच्या 'कंट्री पार्टी'ने त्यांना धूळ चारली. जॉन कॉलिन्स गव्हर्नर झाले आणि मे महिन्यात १ लाख पौंडांच्या नोटा मंजूर झाल्या. दुप्पट किमतीची जमीन गहाण ठेवा, ४ टक्क्यांनी नोटा न्या! व्यापाऱ्यांनी दुकानांना कुलपं ठोकली. शेतकऱ्यांनी शहरात माल पाठवणं बंद केलं. मग कायदा आला: नोट नाकारली तर दंड, तोही ज्युरीविना खटला चालवून.

जॉन वीडन हा इथला खाटीक. जॉन ट्रेवेटने मटणाचे पैसे नोटांत देऊ केले, वीडनने घेतले नाहीत. प्रकरण सप्टेंबरात न्यायालयात गेलं आणि न्यायाधीशांनी ते आपल्या अखत्यारीत येत नाही म्हणून सोडून दिलं. विधिमंडळाने त्यांनाच जाब विचारला. पुढच्या वर्षी पाचांपैकी चौघांना घरी बसवलं.

बाहेरच्यांनी या राज्याला 'रोग आयलंड', म्हणजे लबाडांचं बेट, म्हणून हिणवलं. मला ते निम्मंच पटतं. नोट घसरत चांदीच्या तुलनेत पंधराला एक झाली, सावकार बुडाले, हे खरंच. पण त्याच नोटांवर राज्याने युद्धकर्जाचा मोठा भार उतरवला, आणि शेजारच्या मॅसॅच्युसेट्ससारखं शेतकऱ्यांचं सशस्त्र बंड इथे झालं नाही.

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेत राज्यांना नोटा काढायला बंदी आली. ती जिथे लिहिली गेली, त्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाला ऱ्होड आयलंडने माणसंच पाठवली नव्हती. अखेर २९ मे १७९० ला न्यूपोर्टात राज्यघटनेला मंजुरी मिळाली, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

जाणाऱ्यांसाठी: प्रॉव्हिडन्सहून रिप्टाची (राज्याची सार्वजनिक बससेवा) ६० नंबरची बस पकडा. उन्हाळ्यात गाडी नेलीत तर पार्किंगपायी खिसा आणि डोकं दोन्ही तापेल, सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. कॉलनी हाउस एरवी बाहेरूनच दिसतं, आत जायचं तर न्यूपोर्ट हिस्टॉरिकल सोसायटीच्या टूरच्या वेळा आधी बघा. त्यांचं संग्रहालय ब्रिक मार्केटमध्येच आहे; आधी ते, मग चौक, असा क्रम ठेवा.

गाडी असेल तर किंग्स्टनही करा. विधिमंडळ तेव्हा काउंटी-काउंटीत, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांत, फिरायचं आणि किंग्स्टनलाही बसायचं; तिथलं जुनं कोर्ट आता सार्वजनिक वाचनालय आहे, त्यामुळे वाचनालयाच्या वेळेत जा. वाटेतल्या न्यूपोर्ट ब्रिजला टोल लागतो.