‘जात असे’ पडद्यावर कसं दाखवायचं?

बुधवार

कादंबरीवरचा चित्रपट फसला की ‘मनातलं पडद्यावर येत नाही’ हे कारण तयारच असतं. ते फारसं खरं नाही. नट चांगला असेल आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर दोन सेकंद जास्त थांबला, तर पानभराची घालमेल येते. येत नाही ती सवय. ‘रोज संध्याकाळी तो नदीवर जात असे’ या एका ओळीत कादंबरीकार वर्षंच्या वर्षं सामावून टाकतो. कॅमेऱ्यासमोर मात्र माणूस एका ठरावीक संध्याकाळीच नदीवर जातो, अंगात अमुक सदरा, आभाळात तमुक ढग. शाळेत शिकलेला रीतिभूतकाळ इथे अडतो. कॅमेऱ्याला तो काळच नाही.

हिशेब आधी मांडावा. ३०० पानांची कादंबरी, पानाला ३०० शब्द, म्हणजे ९०,००० शब्द. मोठ्याने वाचायला दहा तास तरी लागतील. पटकथेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालतं, म्हणजे दोन तासांना १२० पानं, आणि त्या पानांवरही बरीच जागा कोरी. यात पन्नास-साठ प्रसंग बसतात. काटछाट होणारच, त्यावर रडण्यात अर्थ नाही. १९२४ च्या ‘ग्रीड’ या मूकपटासाठी दिग्दर्शक एरिक फॉन श्ट्रोहाइमने कादंबरी जवळजवळ पानापानाने चित्रित केली. त्याचं पहिलं संकलन आठ तासांच्या आसपास होतं. स्टुडिओने कापून ते दोन-सव्वादोन तासांवर आणलं आणि उरलेली फिल्म कायमची गेली. काय टाकायचं हे कागदावर ठरलं नाही, तर ते दुसराच कुणीतरी संकलनाच्या टेबलावर ठरवतो.

म्हणून रूपांतराआधी कादंबरी तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन वाचावी. एकदाच घडलं ते लाल. वारंवार घडत असे ते निळं. निवेदकाचं भाष्य हिरवं. साहित्यिक म्हणवणाऱ्या कादंबरीत लाल रंग अपेक्षेपेक्षा फारच कमी भरतो. पहिल्या खर्ड्यात पटकथाकार नेमका तेवढाच उचलतो, कारण प्रसंग करायला तोच सोपा: लग्न, भांडण, मरण, घर सोडणं. मग चित्रपट घटनांची यादी होतो. घर सुटतं, पण त्या घरात रोज काय होत होतं हेच न पाहिल्यामुळे सुटण्याला वजन येत नाही. कादंबरी न वाचलेल्या प्रेक्षकाला नुसतं ‘घाईचं’ वाटतं. वाचलेला म्हणतो, ‘काहीतरी राहिलं.’ दोघांची तक्रार एकच आहे.

निळ्या रंगाचं काय करायचं, याला मोजकेच रस्ते आहेत.

मॉन्टाज हा सर्वांत स्वस्त. चाळीस सेकंद, आठ-दहा शॉट, खाली संगीत. यात काळ सरतो, सवय होत नाही. प्रेक्षकाला कळतं की आता आपल्याला पुढे ढकललं जातंय. निवेदनात ‘मी रोज जायचो’ म्हणायचं आणि चित्रात जाताना दाखवायचं, हा दुसरा, आणि सगळ्यात आळशी. निवेदन चालतं ते चित्राच्या विरुद्ध गेलं तरच. आवाज म्हणतो ‘आमचं उत्तम चाललं होतं’ आणि चित्रात दोघं जण पाठ फिरवून बसलेत, तर त्या आवाजाची गरज होती.

तिसरा रस्ता वस्तूंचा. प्रसंग एकच दाखवायचा, पण त्यात पुनरावृत्तीची खूण सोडायची. ती न मागता छत्री पुढे करते, तो न बघता घेतो. चार सेकंदांचा शॉट, आणि दहा वर्षांचा संसार कळतो. हे पटकथेत स्पष्ट लिहावं लागतं, ‘न बघता घेतो’ असं. नुसतं ‘छत्री देते’ लिहिलं, तर नटी छान हसून देईल आणि सगळं वाया जाईल.

चौथा रस्ता मला सर्वांत पटतो, तो परतण्याचा. तीच जागा, तीच चौकट, तीन वेळा. पहिल्यांदा वीस-पंचवीस सेकंद, दुसऱ्यांदा निम्मे, तिसऱ्यांदा काहीतरी मोडलेलं. ‘पथेर पांचाली’ (१९५५) यासाठी पुन्हा बघण्यासारखा आहे. १९२९ च्या मूळ कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरुण फार लवकर मरते, अपू तान्हा असतानाच. सत्यजित राय यांनी तिला बरीच वर्षं जास्त जगवलं. ती भांडते, बोचकं उचलून निघून जाते, परत येते. पुन्हा जाते, पुन्हा येते. शेवटच्या वेळी तिला घरात थारा मिळत नाही, आणि ती मेलेली सापडते ती मुलांना. मृत्यूची जागा आणि वेळ बदलली, मजकुराशी ही सरळसरळ बेइमानी. पण जाणं-येणं ही त्या घराची रीतच होती हे प्रेक्षकाच्या अंगात मुरतं ते त्यामुळेच. शब्दाला शब्द लावणाऱ्या रूपांतरात हे साधलं नसतं.

गुरुवार

परतण्याची अडचण चित्रीकरणात आहे, ती कालच्या नोंदीत आली नाही. एका लोकेशनचे सगळे प्रसंग सलग उरकतात, कारण तिथे पुन्हा युनिट नेणं परवडत नाही. त्यामुळे कथेत दोन वर्षांच्या अंतराने येणारे तीन प्रसंग एकाच सकाळी चित्रित होतात. ऊन तेच, दाढी तीच, दारातलं झाडही तेच. पडद्यावर ते एकाच दिवसाचे तुकडे वाटतात. उपाय खर्चिक नाही. एक प्रसंग पहाटे, एक टळटळीत दुपारी, एक दिवेलागणीला घ्यायचा. चपलांचा जोड बदलायचा. भिंतीवरचं काहीतरी काढायचं. हे ब्रेकडाउन, म्हणजे कोणत्या प्रसंगाला काय-काय लागेल याची यादी, करतानाच नोंदवायला हवं, सेटवर कुणाला आठवत नाही.

पात्रं कमी करण्याबद्दल थोडं. एकच काम करणारी दोन पात्रं सरळ एक करावीत. चूक होते ती माहितीत: जोडलेल्या पात्राला बाराव्या प्रसंगात गुपित कळलेलं असतं आणि चाळिसाव्यात ते निरागसपणे तेच विचारतं. ‘कुणाला काय कधी कळलं’ एवढाच तक्ता प्रसंगवार केला, की हे पकडता येतं. गर्दी ठेवायचीच असेल, तर सर्वांकडे जाऊ शकणारा एक माणूस लागतो. ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे. विजय तेंडुलकरांच्या पटकथेत दिगू टिपणीस पत्रकार असल्याने मंत्र्याच्या बंगल्यापासून कुठेही शिरू शकतो, आणि प्रेक्षक त्याच्या मागून. दिगू शिपाई असता तर निम्मी दारं बंद राहिली असती.

आणि संकलन. पहिल्या जोडणीनंतर चित्रपट वीस-तीस मिनिटांनी लांब निघतो, तेव्हा सर्वांची नजर परतण्यातल्या पहिल्या प्रसंगावर जाते, कारण त्यात ‘काही घडत नाही’. तो काढला की दुसरा पहिला होतो आणि तिसऱ्यात काय मोडलं ते कुणाला कळत नाही. मग तिथे व्हायोलिन वाढवतात. काढायचे तर तिन्ही काढावेत. पटकथेत या तिन्ही प्रसंगांच्या क्रमांकांपुढे एकच खूण करून ठेवली, तर संकलकाला ते निदान विचारावं तरी लागतं.