रांगेतली तीन उत्तरं

हिवाळी अधिवेशन सुरू झालं की सिव्हिल लाइन्समध्ये जागोजागी बंदोबस्त लागतो आणि आमच्या कार्यालयात कुणाला जेवायलाही फुरसत मिळत नाही. तारांकित प्रश्नाचं उत्तर वेळेत विधान भवनात पोचलंच पाहिजे. आमच्याकडे एकाच लिनक्स सर्व्हरवर चाळीसेक जण काम करतात. सगळ्यांच्या प्रिंटची रांग 'कप्स' नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो, आणि कप्सला सांभाळायचं काम माझं.

त्या दिवशी सव्वाअकराला शिपाईदादा धावत आले. "सर, एकही प्रिंट निघून नाही राह्यली. वरच्या मॅडम भलत्याच तापल्या."

मुख्य लेझर प्रिंटर अर्ध्या पानावर बंद पडला होता. आमच्या सेटिंगप्रमाणे प्रिंटरने दगा दिला की कप्सचा शेड्युलर, म्हणजे कामं क्रमाने प्रिंटरकडे सोडणारा भाग, ती रांग थांबवतो. थांबवतो म्हणजे छपाई थांबवतो. नवी कामं घेणं चालूच राहतं. ही गोष्ट माहीत नसली की घात होतो. कागद येत नाही म्हणून प्रत्येकाने पुन्हा पुन्हा प्रिंट दिली होती. रांग दाखवणारी एलपीस्टॅट कमांड लावून पाहिलं, तर दोनशेच्या वर कामं साचलेली. प्रिंटर दुरुस्त करून रांग तशीच सोडली असती, तर दुपारपर्यंत नुसत्या दुबार प्रतीच निघत राहिल्या असत्या.

आधी कप्सरिजेक्ट कमांडने नव्या कामांसाठी रांगेचं दार बंद केलं. मग प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढला, पण छपाई सुरू केली नाही. शेजारचा नवा मुलगा म्हणाला, "सर, सगळं कॅन्सल मारू ना? ज्याला पाहिजे तो परत देईल." एका कमांडचं काम होतं ते. पण त्या रांगेतली प्रत्येक ओळ कुणाची तरी सकाळची मेहनत होती. मी नाही म्हटलं आणि एकेक ओळ वाचायला बसलो.

मॅडमच्या नावावर तीन कामं होती. पहिली दोन 84,992 बाइटची, तिसरं 86,016 बाइटचं. घाईत पाहिलं तर एकच गोष्ट तीनदा दिलेली वाटावी, आणि बाकीच्यांची दुबार कामं काढताना मी पहिलं ठेवून पुढची उडवतच होतो. इथे मात्र हात थांबला. तिन्ही कामं होल्डवर टाकली आणि जिन्याने तिसरा मजला गाठला.

"मॅडम, तुम्ही मध्ये काही बदललं का?"

त्या क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. "हो ना! तक्त्यात मागच्या वर्षीचा आकडा राहिला होता. दुरुस्त करून परत दिली. का, जुनी गेली का?"

गेली नव्हती. खाली येऊन पहिली दोन रद्द केली आणि तिसऱ्याला अग्रक्रम 100 दिला. एरवी प्रत्येक काम 50 वर असतं, त्यामुळे ते सगळ्यांच्या पुढे गेलं. मग होल्ड काढला, कप्सएनेबल दिलं. पंखा घरघरला आणि पहिलं पान गरम गरम बाहेर आलं.

मॅडम स्वतः खाली आल्या होत्या. तक्त्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी आकडा दोनदा वाचला, तिथेच उभ्या उभ्या सही केली. शिपाईदादांनी फाईल काखेत मारली आणि सायकल काढली. मी उरलेल्या ओळी वाचायला परत बसलो.