तीन आकडी पाऊस

22 जुलै 2021, महाबळेश्वर. मित्राच्या गच्चीवर मीच बसवलेलं, पावसाचे आकडे रेडिओवर पाठवणारं वेदर स्टेशन, खालच्या खोलीत मी, आणि घाटाखाली पोलादपूरला आमचा दुसरा हॅम, म्हणजे माझ्यासारखाच हौशी रेडिओवाला. मोबाईल दुपारीच गेलेले. मधल्या डोंगरावरचा डिजिपीटर, म्हणजे संदेश पुढे ढकलणारं रेडिओ केंद्र, आवाज पुढे नेत नाही, फक्त पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, त्यामुळे आमचं सगळं बोलणं एपीआरएस या रेडिओवरच्या मेसेज पद्धतीवर, एका मेसेजला 67 अक्षरं.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला, पाऊस कमी झाला का, 26 मिमी दाखवतंय.

बाहेर तर पत्र्यावर नुसता गडगडाट चाललेला. मी कच्चं पॅकेट उघडलं. आर180, पी104. आर म्हणजे मागच्या तासाचा पाऊस, पी म्हणजे 24 तासांचा, दोन्ही इंचाच्या शंभराव्या भागात. म्हणजे तासात 46 मिमी आणि अख्ख्या दिवसात 26? असं कसं होईल? मग लक्षात आलं, पी पुढे जागाच तीन आकड्यांची आहे, 999 म्हणजे साधारण 254 मिमी, त्यापुढे फॉरमॅट संपतो, आणि खरा आकडा होता 1104. माझ्या कोडने पुढचा 1 कापून उरलेलं पाठवलं होतं. 280 मिमीचे 26 झाले, आणि खाली सावित्रीच्या काठाजवळ बसलेला माणूस तेच वाचत होता. फॉरमॅट ज्यांनी बनवला त्यांनी सह्याद्रीचा पाऊस धरलाच नव्हता, पण कोड लिहिताना मी तरी कुठे धरला, मी तर दर पावसाळ्यात इथे येतो.

मी टाईप केलं, पी चुकीचा, 24 तासांत 280 मिमी, वाढतोय. पहिल्यांदा पोच नाही. दुसऱ्यांदा नाही. सगळ्यांची फ्रिक्वेन्सी एकच, वेग 1200 बॉड, म्हणजे अगदी संथ, आणि त्यात एकजण गाडीचं लोकेशन दर वीस सेकंदाला तेही लांबलचक पाथ टाकून, म्हणजे अनेक डिजिपीटरनी पुढे न्यावं असं सांगून, फेकत होता, अशा दिवशी लोकांना हे कळू नये याचा मला आजही संताप येतो. चौथ्यांदा पोच आली.

सकाळी साडेआठला हवामान खात्याचा 24 तासांचा आकडा 594 मिमी होता. माझ्या पर्जन्यमापकातल्या, भरली की उलटणाऱ्या छोट्या बकेटने त्याहून बराच कमी मोजला, एवढ्या जोरात पडला की बकेट उलटत असताना पडणारं पाणी हिशोबात येत नाही.

कोड त्याच आठवड्यात बदलला. आता 999 ला थांबतो आणि खरे मिमी पॅकेटच्या शेवटी कॉमेंटमध्ये लिहितो. पण कॉमेंट किती जण वाचतात? 999 ऐवजी सरळ तीन टिंबं, म्हणजे आकडा उपलब्ध नाही, अशी पाठवावीत का, म्हणजे समोरचा विचारेल तरी, यावर मी अजून अडलोय.