तुम्ही विचारलंत म्हणून: पस्तिशीत एवढी हौस येते कुठून?

प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. ऑफिसातल्या आणि नात्यातल्या बायका मोठ्याने विचारतात, "अगं, पस्तिशीत लग्न केलंस, तेही कोर्टात. मग आता हलव्याचे दागिने, मंगळागौर, गौरीचा ओवसा हे सगळं कशाला?" दुसऱ्या तऱ्हेने विचारणाऱ्या बहुतेक माझ्याच वयाच्या असतात. कुणाचं ठरत आलेलं असतं, कुणाचं अजून काहीच नसतं. डोंबिवलीच्या पुलावर गर्दी जरा ओसरली की त्या बाजूला घेऊन हळूच विचारतात, "उशिरा झालं की ती मजा राहते का गं?" पहिल्यांना हसून उत्तर देता येतं. हे लिहिते आहे ते दुसऱ्यांसाठी.

राहते. माझ्या बाबतीत तरी ती वाढली. तेविसाव्या वर्षी लग्न झालं असतं तर 'पाटावर बस' म्हटल्यावर मी बसले असते, 'ऊठ' म्हटल्यावर उठले असते. आज कुणाला बोलवायचं, पहिला मान कुणाला द्यायचा आणि कशाला नाही म्हणायचं, हे मी ठरवते. पैसे आम्हा दोघांचे असतात, त्यामुळे कुणाच्या उपकाराचं ओझं नसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माझं कौतुक करायचं ज्यांनी कधीचं मनात धरलं होतं, त्या आई, मावशी, आत्या आता साठीच्या पुढे गेल्यात. माझं लग्न लांबलं तशी त्यांची हौसही लांबली. ती मी त्यांच्याकडून का काढून घेऊ?

आधी लग्नाचंच सांगते. लोक 'कोर्टात लग्न' म्हणतात, प्रत्यक्षात ते विवाह नोंदणी कार्यालयात होतं. आमचं 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. दोघांनी मिळून नोटीस द्यायची, ती कार्यालयाच्या फलकावर लागते, 30 दिवस कुणाची हरकत आली नाही की तीन साक्षीदारांना घेऊन जायचं आणि सह्या करायच्या. बाबा जाऊन काही वर्षं झाली. माझी पहिली साक्षीदार आई होती. ती शाळेत शिक्षिका होती, तिचं अक्षर आजही वळणदार आहे. तिने पर्समधून आपलं शाईचं पेन काढलं, टोपण मागे लावलं आणि आमच्या सह्यांखाली पूर्ण नाव लिहिलं. माझ्या लग्नाच्या कागदावर आईची सही आहे, याच्याइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचाच वाटत नाही. दाखला आला त्या दिवशी आम्ही त्याची एक रंगीत प्रत काढून तिला सांगलीला पाठवली. ती तिने देवघराशेजारच्या फळीवर ठेवली आहे.

केळवणं बरीच झाली. त्यातलं गाडीतलं केळवण मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. सकाळच्या सीएसएमटी फास्ट लोकलला आमचा ठरलेला डबा आणि ठरलेला ग्रुप आहे. त्या दिवशी सगळ्या आधीच्या स्टेशनपर्यंत उलट जाऊन बसून आल्या होत्या. हँडलला आंब्याची डहाळी बांधलेली, खिडकीची सीट माझ्यासाठी राखलेली. ठाण्यापासून दादरपर्यंत पुरणपोळी, अळूवडी, मसालेभात, सगळं हातावर. घाटकोपरला चढलेल्या एका अनोळखी बाईंना तिघींच्या बाकावर सरकून चौथ्या सीटवर जागा करून दिली आणि त्यांच्याही हातात पोळी ठेवली. भायखळा सोडताना त्यांनी पर्समधली नाण्यांची पुडी चाचपून अकरा रुपये माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "सुखी राहा गं पोरी." त्यांचं नाव मला ठाऊक नाही.

लग्न मार्गशीर्षात झालं आणि पाठोपाठ संक्रांत आली. एरवी सणाला काळं नको म्हणणारी आमची माणसं या एका दिवशी काळी चंद्रकळा हौसेने नेसवतात. हलव्याचे दागिने मावशीने घरी केले. ते विकत सहज मिळतात, पण तिला ते करायचेच होते. साखरेचा पाक थेंबाथेंबाने घालत, मंद आचेवर खसखस आणि साबुदाणा तासन् तास हलवत राहायचं. हवा कोरडी आणि थंड असली तर काटा चांगला धरतो. बिंदी, नथ, बाजूबंद, कमरपट्टा, आणि नवऱ्यासाठी हार आणि मनगटावरचं घड्याळ. त्याने ते घड्याळ हळदीकुंकू संपेपर्यंत काढलं नाही. मावशी येणाऱ्या प्रत्येकीला काटा दाखवत होती.

पण सण म्हणजे वर्षातले थोडेच दिवस. मधल्या दिवसांचं काय, हे कुणी विचारत नाही. मला तर तेच सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

एकटी राहत होते तेव्हा मी दुःखी नव्हते, हे मुद्दाम लिहिते आहे. माझं घर होतं, माझ्या सवयी होत्या, रविवारची दुपार पूर्ण माझी होती. तशी तयार झालेली दोन माणसं एका घरात आली की रोज काहीतरी नवीन कळतं. मी सांगलीची. आमच्याकडे भाजीत शेंगदाण्याचं कूट, रात्री ज्वारीची भाकरी, तोंडी लावायला दाण्याची चटणी. तो रत्नागिरीकडचा. त्याच्याकडे ओल्या खोबऱ्याचं वाटण, उकड्या तांदळाचा भात, जेवणाच्या शेवटी सोलकढी. आता आमच्या फळीवर कुटाचा डबा आहे आणि फ्रिजमध्ये खवलेला नारळ. मसाल्याचे दोन डबे आम्ही वेगळेच ठेवलेत, कारण ते एकमेकांत मिसळले की दोन्ही घरांची चव जाते. त्याने ज्वारीची भाकरी थापायला शिकून घेतली. कडा फाटू न देता पाणी कुठे लावायचं, हे तो आता मला सांगतो. मी बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून लाल आहेत का ते बघते. त्याच्या आईने मला हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा ती कोळीणही कौतुकाने बघत होती.

तो माझ्याआधी घरी पोहोचतो. ठाणं सोडलं की मी एक मिस्ड कॉल देते आणि तो कुकर लावतो. मी जिना चढते तेव्हा घरातून शिटी ऐकू येते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही चालत बाजारात जातो, महिनाभराचं सामान भरतो, आणि येताना मला गजरा आणि त्याला भजी हे ठरलेलं. उन्हाळ्यात मोगरा असतो, एरवी अबोली. दारावरच्या पाटीवर आमची दोन्ही आडनावं आहेत. लग्नानंतर आडनाव बदलायलाच हवं असा कायदा नाही आणि मला ते बदलायचं नव्हतं. पाटी त्यानेच करून आणली, माझं नाव वर घालून. कुरिअरवाला आधी कुणाचंही नाव घेऊन हाक मारतो, दार कुणीही उघडतं. तुम्हाला यात साजरं करण्यासारखं काही दिसणार नाही कदाचित. मला दिसतं. दहा-बारा वर्षं स्वतःचं स्वतः निभावलेल्या बाईला, आपल्यासाठी कुणी वेळ बघून कुकर लावला आहे, ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता मंगळागौर. लग्नानंतर पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी ही पूजा करतात आणि पहिली माहेरी होते. मी रजा टाकली, सोमवारी रात्री कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी सांगलीला उतरले. आईने पत्री मांडून ठेवली होती: आघाडा, बेल, दूर्वा, माका, डाळिंब, तेरडा. पूजेला सोबत बसायला वशेळ्या लागतात, म्हणजे ज्यांच्या लग्नाला पाच वर्षं झाली नाहीत अशा मुली. माझ्या मैत्रिणींची ती पाच वर्षं केव्हाच उलटून गेलीत, त्यांच्या मुली शाळेत आहेत. म्हणून माझ्या वशेळ्या सगळ्या पंचविशीच्या आतबाहेरच्या होत्या, एक आतेबहीण, एक भाचेसून, एक समोरच्या वाड्यातली. त्या मला ताई म्हणत होत्या आणि पूजा सांगणारे गुरुजी मात्र सगळ्यांनाच 'मुलींनो'. दुपारचं जेवण न बोलता करायचं असतं. एरवी अखंड बोलणाऱ्या त्या मुली आणि मी एका पंगतीत मुकाट जेवत होतो आणि आई वाढताना प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून पुढे जात होती.

संध्याकाळी हळदीकुंकू होतं. आमच्याकडे अशा वेळी नवरा गेलेल्या बाया स्वयंपाकघरात थांबतात. कुणी सांगत नाही, त्या आपणहून थांबतात. आईही ओट्याशी भाजणीचे वडे थापत उभी राहिली. मी करंडा घेऊन आधी आत गेले आणि तिला पहिलं कुंकू लावलं. ती "अगं" म्हणाली, पुढे काही बोलली नाही. बाहेर बसलेल्या बायकांत क्षणभर शांतता झाली. मग स्वयंपाकघरातच बसलेल्या शेजारच्या काकू उठल्या, ज्यांचे यजमान गेल्या वर्षीच गेले, आणि त्यांनी आपलं कपाळ माझ्यापुढे केलं. आमच्या सांगलीपासून जवळच शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसंच करावं असं परिपत्रक काढलं. ती बातमी आईने तेव्हा कापून ठेवली होती, हे मला त्या रात्री कळलं. तेविशीत हे करायचं मला सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी माझा आवाज कुणी ऐकला नसता. पस्तिशीतल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मुलीला कुणी अडवलं नाही. उशिरा लग्नाचा काय फायदा, असं विचाराल तर माझ्याकडे हे उत्तर आहे.

जागर पहाटेपर्यंत चालला. झिम्मा, पिंगा, लाट्या, कोंबडा. मावशीचे गुडघे दुखतात, तरी तिने बसफुगडी घातली आणि त्या पंचविशीच्या मुलीला दमवलं. आई आणि काकू दोघींनी हात धरून फुगडी घातली, तेव्हा सगळ्या जणी गोल करून टाळ्या वाजवत होत्या. सकाळी दहीभाताचा नैवेद्य दाखवून गौर उतरवली आणि रात्रीच्या गाडीने मी परत आले.

मग गणपतीत सासरी. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या तेव्हाच बघता बघता भरतात. म्हणून आम्ही दिवा स्टेशनवरून पॅसेंजरने गेलो. कोकणात नव्या सुनेचा गौरीचा ओवसा असतो. सुपांत फळं, भाज्या, पानं, नारळ, खण भरून ती तेरड्याच्या गौरीपुढे ओवसायची आणि मग घरातल्या मोठ्यांना द्यायची. माझ्या सासरी ही सुपं सुनेच्या माहेरून येतात. सांगलीत असली रीत नाही. आईने सासूबाईंना फोन केला आणि यादी लिहून घेतली. त्या तिला सांगत होत्या, "सूप घट्ट विणलेलं बघा हां ताई, आणि खण तुमच्याकडचाच आणा, आमच्याकडे तसे मिळत नाहीत." आईने बुरुडाकडून सुपं घेतली, धुऊन वाळवली, पोत्यात बांधून पाठवली. ओवसताना चुलत सासूबाईंनी माझा हात धरून सूप कसं फिरवायचं ते दाखवलं, "हळू गो बाय, नारळ पडात." ज्यांना सूप दिलं त्यांनी त्यात दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तिखटा सण, म्हणजे कोंबडीचं सागुतं आणि वडे. तो भाग मी फार आनंदाने पार पाडला.

आता पहिली दिवाळी येते आहे. जावयाने दिवाळसणाला सासुरवाडीला जायचं असतं. तो म्हणाला, "दोघींनाही इकडेच बोलवू." त्यामुळे सांगलीहून आई आणि रत्नागिरीहून सासूबाई, दोघी धनत्रयोदशीला डोंबिवलीत पोहोचतील. चकलीची भाजणी आई आणणार, नरक चतुर्दशीचे पोहे सासूबाई करणार. पायाच्या अंगठ्याने फोडायला कारीट हवं, ते स्टेशनजवळ कुणाकडे मिळतं याची चौकशी त्याने आधीच केली आहे. त्या सकाळी आवरून फडके रोडला जायचं, तिथे त्या दिवशी सगळं गाव नटून येतं. आईला ते बघायचंय. पाडव्याला मी त्याला उटणं लावून ओवाळीन. ओवाळणीत काय हवं, असं त्याने मला विचारलं आहे. मी एक पाटा-वरवंटा सांगितला आहे, दोन्ही घरांच्या चटण्या त्याच्यावर वाटता येतील.