चॅम्पियन कोण ते सोडा, पहिल्या राउंडचं बोला

टेनिसच्या ग्रँड स्लॅमचा (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एकीचा) ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, लागला की आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, "बोला, यंदा कोण?" आणि मला या प्रश्नाचा हल्ली जाम कंटाळा येतो. उत्तर काय देणार हो? २०२४ आणि २०२५ मिळून पुरुषांची आठ स्लॅम झाली, आठच्या आठ सिनर आणि अल्कराझने वाटून घेतली, चार याला चार त्याला. डोळे झाकून दोघांपैकी एकाचं नाव टाकलं तरी निम्म्या वेळा बरोबर येणार. याला भविष्य म्हणायचं तर नाक्यावरचा पोपटही एक्सपर्टच की.

खरी मजा पहिल्या राउंडमध्ये आहे. ६४ मॅचेस, त्यातल्या बऱ्याचशा कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कोर्टवर, जगातला ४८वा विरुद्ध ७१वा, कॅमेरा एकच, आणि कमेंट्रीवालेही दोघांची नावं अडखळत घेतायत. अशा मॅचचा अंदाज बांधायला डोकं लागतं. म्हणून ग्रुपवर आम्ही नियमच केला की नुसतं नाव टाकायचं नाही, टक्के टाकायचे. समजा तुम्ही लिहिलंत की अमका जिंकायची शक्यता ९० टक्के. तो जिंकला तर तुमची चूक १० ची, तिचा वर्ग करायचा, शंभराने भागायचा, पेनल्टी १. हरला तर चूक ९० ची, पेनल्टी थेट ८१! तेच ६० लिहिलं असतं तर जिंकल्यावर १६ आणि हरल्यावर ३६. आणि सगळीकडे ५०-५० लिहून गप्प बसलात तर दर मॅचला २५ ठरलेले. ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला, सगळ्यात जास्त असेल त्याने मिसळ द्यायची. पैसेबिसे अजिबात नाही, तो विषय काढणाऱ्याला ॲडमिन बाहेर काढतो, आणि तसंही २०२५ च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन गेम बंदच झालेत.

हा नियम आल्यापासून जे खूप बोलायचे त्यांचा आवाज बराच खाली आलाय. एक मित्र मात्र अजूनही आडनावावर चालतो. शेवटी 'च' आला म्हणजे सर्बियन नाहीतर क्रोएशियन, म्हणजे चिवट, ८५ टक्के. मिसळ बहुतेक वेळा त्याच्याच खर्चाने होते.

बाकीचे रँकिंग बघतात. रँकिंग वाईट नाही हो, पण ते असतं काय तर मागच्या ५२ आठवड्यांची जमाखर्चाची वही. स्लॅम जिंकलं २०००, मास्टर्स (स्लॅमच्या खालोखालची स्पर्धा) जिंकली १०००, वर्ष उलटलं की ते पॉइंट्स गळाले. कोणाला हरवून जिंकलास, कुठल्या सर्फेसवर (गवत, क्ले म्हणजे माती, की हार्ड कोर्ट), मधले चार महिने खांदा दुखत होता का, हे त्या वहीत कुठेच नाही. २०२२ ला विम्बल्डनने रशिया-बेलारूसच्या खेळाडूंना घेतलं नाही म्हणून एटीपीने (पुरुष टेनिसची संघटना) त्या स्पर्धेचे पॉइंट्सच दिले नाहीत, तेव्हा जोकोविच विम्बल्डन जिंकला आणि रँकिंगमध्ये त्याला मिळाले शून्य. आणि इव्हानिसेविच २००१ मध्ये १२५ नंबरवर असताना वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या खास जागेवर) येऊन विम्बल्डन घेऊन गेला. त्यामुळे मी आधी एलो बघतो, म्हणजे बुद्धिबळातली पद्धत, मोठ्याला हरवलं की जास्त गुण, छोट्याकडून हरलं की जास्त फटका. जेफ सॅकमनच्या टेनिस ॲबस्ट्रॅक्ट साइटवर सर्फेसप्रमाणे वेगळा एलो फुकटात बघायला मिळतो, अजून काय पाहिजे.

पण एलो बघून झालं की मी जातो सर्व्हच्या आकड्यांवर, आणि इथे मी जरा जास्त वेळ घालवतो (बायकोच्या मते फारच जास्त).

कसं आहे, टेनिसमध्ये बारीक फरक स्कोअरबोर्डवर मोठा होऊन दिसतो. एखादा आपल्या सर्व्हवरचे १०० पैकी ६० पॉइंट जिंकत असेल तर तो आपली सर्व्हिस गेम साधारण ७४ टक्के वेळा राखतो. ६५ जिंकत असेल तर ८३ टक्के. ७० असेल तर ९०. म्हणजे शंभर पॉइंटमागे पाच पॉइंट इकडचे तिकडे झाले तर गेममध्ये नऊ टक्क्यांचा फरक, मग तो सेटमध्ये आणखी वाढणार, मॅचमध्ये आणखी. फेडररने २०२४ ला डार्टमथच्या भाषणात स्वतःचंच सांगितलं होतं, १५२६ सिंगल्स मॅचेस, त्यातल्या जवळजवळ ८० टक्के जिंकल्या, आणि पॉइंट्स किती जिंकले तर फक्त ५४ टक्के!

आणि याच्या उलटही होतं. २०१९ ची विम्बल्डन फायनल आठवा, फेडररचे पॉइंट्स २१८, जोकोविचचे २०४, पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, सर्व्ह फेडररची, दोन चॅम्पियनशिप पॉइंट हातात (म्हणजे एक जिंकला की कप), आणि कप गेला जोकोविचकडे. (त्याच संध्याकाळी लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल चालू होती, रिमोटवरून घराघरात काय झालं असेल ते सांगायला नको.) २०२५ ची फ्रेंच फायनल, साडेपाच तासांना एक मिनिट कमी, सिनर १९३ अल्कराझ १९२, सिनरकडे तीन चॅम्पियनशिप पॉइंट, आणि जिंकला अल्कराझ. अशा मॅचनंतर "मी आधीच सांगितलं होतं" म्हणणारे जे असतात ना, त्यांना मी फक्त टक्के विचारतो. किती टक्के सांगितले होतेस बाबा?

तर सर्व्ह. आकडे असे वाचायचे, पहिली सर्व्ह आत पडते समजा ६२ टक्के आणि त्यावर तो ७२ टक्के पॉइंट जिंकतो, उरलेल्या ३८ टक्के वेळा दुसरी सर्व्ह आणि त्यावर ५०. गुणाकार करून बेरीज मारली की येतात साधारण ६४. आता पहिली सर्व्ह बहुतेकांची बरी असते, तिथे फारसं कळत नाही. मी बघतो दुसरी. तिथे ५० च्या खाली घसरलेला माणूस चांगल्या रिटर्नरसमोर दोन तासांत उघडा पडतो. आणि हे टीव्हीवर बघायला सोपंय, समोरचा दुसऱ्या सर्व्हला बेसलाइनच्या आत पाऊल टाकून उभा राहायला लागला की समजायचं त्याला भीती राहिलेली नाही, मग स्कोअर काही का असेना.

दोघंही राक्षसी सर्व्हवाले असतील तर मात्र माझे टक्के ५५ च्या वर जात नाहीत. पुण्यात बालेवाडीला जी एटीपी स्पर्धा व्हायची तिची २०१९ ची फायनल आठवतेय का? केव्हिन अँडरसन सहा फूट आठ इंच, इव्हो कार्लोविच सहा फूट अकरा इंच आणि वय ३९, ७-६, ६-७, ७-६, तिन्ही सेट टायब्रेकमध्ये. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, बॉल थोडा जास्तच पळतो. स्टँडमधून बघताना कार्लोविचची सर्व्ह उसळून समोरच्याच्या खांद्याच्या वर जाताना दिसते आणि रिटर्न करणारा नुसता रॅकेट अडवतो, लागला तर लागला. अँडरसन जिंकला, पण ते आधी ठामपणे कोण सांगणार होतं?

सर्फेसबद्दल सगळेच बोलतात, त्यामुळे मी एकच माणूस सांगतो, मेदवेदेव. हार्ड कोर्टवर यूएस ओपन जिंकलेला माणूस, पण क्लेबद्दल त्याची तक्रार कायमची. २०१७ ते २०२० सलग चार वर्षं रोलाँ गॅरोला (म्हणजे फ्रेंच ओपनला, ती क्लेवर असते) पहिल्याच राउंडमध्ये घरी. म्हणजे सरळ हिशोब, क्लेवर मेदवेदेव दिसला की टक्के कमी करा. मग २०२३ ला हाच माणूस रोमची मास्टर्स क्लेवर जिंकला, फायनलमध्ये रूनला हरवून! सगळ्यांनी ताबडतोब मत बदललं, आता याला क्ले जमायला लागली म्हणे. पॅरिसला पहिला राउंड, समोर क्वालिफायर (पात्रता फेरी जिंकून आलेला), ब्राझीलचा थियागो सायबोथ वाइल्ड, रँक १७२, आणि मेदवेदेव पाच सेटमध्ये बाहेर. आता यात एका आठवड्याच्या ताज्या फॉर्मवर जायचं की चार वर्षांच्या रेकॉर्डवर? मी म्हणतो दोन्हीच्या मध्ये कुठेतरी, पण जुन्या बाजूला झुकून. एक स्पर्धा म्हणजे पाच-सहा मॅचेस, तेवढ्यावर माणूस बदलला म्हणून जाहीर करायची घाई कशाला.

हेड-टू-हेडला, म्हणजे दोघांच्या आधीच्या आपसातल्या मॅचेसच्या रेकॉर्डला, मी फार भाव देत नाही. डेव्हिडेंको नदालविरुद्ध ६-५ ने पुढे होता, म्हणून काय तो क्लेवर नदालपेक्षा भारी होता का? आणि २००९ मध्ये नदालने रोमला सॉडरलिंगला ६-१, ६-० धुतला, महिन्याभरात त्याच सॉडरलिंगने रोलाँ गॅरोला नदालला हरवलं, तोवर तिथे नदाल एकदाही हरला नव्हता.

शरीर मात्र लोक विसरतात. इस्नर २०१० ला माहूला पाचव्या सेटमध्ये ७०-६८ हरवून आला, अकरा तास पाच मिनिटं, तीन दिवस, आणि पुढच्या मॅचमध्ये डी बाकरने त्याला ६-०, ६-३, ६-२ असा उडवला. आधीच्या राउंडला कोण किती तास कोर्टवर होता हे बघायला दोन मिनिटं लागतात. आणि पाच सेट असतील तर चांगल्याचा फायदा वाढतो, एका सेटची शक्यता ७० टक्के असलेला तीन सेटची मॅच ७८ टक्के जिंकेल, पाचची ८४. म्हणून एटीपी २५० च्या (छोट्या, तीन सेटच्या) स्पर्धेत आणि स्लॅममध्ये त्याच दोघांना वेगळे टक्के द्यायला लागतात.

क्वालिफायरला मी नेहमी चार टक्के जास्त देतो. स्लॅममध्ये तो तीन मॅचेस तिथल्याच हवेत, तिथल्याच बॉलने जिंकून आलेला असतो, आणि समोरचा सीडेड (मानांकन मिळालेला) माणूस अजून जेट लॅगमध्ये. सुमित नागलने २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला ३१ वा सीड बुब्लिकला तीन सेटमध्ये हरवलं तेव्हा तो क्वालिफाइंग खेळूनच आला होता, रँक १३७. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने विलँडरला हरवलं होतं, त्यानंतर स्लॅमच्या सिंगल्समध्ये सीडेड खेळाडूला हरवणारा पहिला भारतीय पुरुष. आमच्या ग्रुपात कोणी नागलला ४५ च्या वर टक्के दिले असतील तर त्याला माझा नमस्कार.

आणि तरीही शांघाय होतंच. ऑक्टोबर २०२५, मोनॅकोचा व्हॅलेन्टिन व्हाशेरो, रँक २०४, क्वालिफाइंगमध्येसुद्धा आयत्या वेळी जागा मिळालेला, सेमीत जोकोविचला हरवतो, फायनलला समोर कोण तर सख्खा मावसभाऊ की आतेभाऊ जो काय असेल तो रिंडरनेक, त्यालाही हरवतो, आणि मास्टर्स १००० जिंकलेला आजवरचा सगळ्यात खालच्या रँकचा खेळाडू ठरतो. त्याच स्पर्धेत सिनर क्रॅम्प्स आले म्हणून मॅच सोडून गेला, समोर होता ग्रीक्सपूर, २०२३ चा आपला बालेवाडीचा चॅम्पियन. दमट हवा, लांब रॅली, सीझनचा शेवट, सिनरचे टक्के थोडे कमी करायला जागा होती. व्हाशेरोचं मात्र कुठल्याही मॉडेलमध्ये बसत नाही, शंभरात एक म्हणतात ते कधीतरी होणारच.

बालेवाडीची २५० ची स्पर्धा २०२३ नंतर गेली, जानेवारीतला तो आठवडा हाँगकाँगकडे. आता आपल्याकडे फेब्रुवारीत चॅलेंजर (२५० च्या खालच्या पायरीची स्पर्धा) होते, आणि खरं सांगू का, अंदाज बांधणाऱ्याला तीच जास्त कामाची. शंभर ते अडीचशे रँकचे खेळाडू, मागच्या कोर्टवर हाताच्या अंतरावर, कोणाची दुसरी सर्व्ह प्रेशरमध्ये नेटमध्ये जाते, कोण दोन गेम हरला की कोचकडे बघून बडबडायला लागतो, सगळं दिसतं. हीच मंडळी पुढे स्लॅमच्या क्वालिफाइंगला भेटणार. पुण्यातले असाल तर या, टोपी आणि पाण्याची बाटली आणा, दुपारी उन्हाच्या बाजूचे स्टँड तापतात.