तुम्ही विचारलंत म्हणून: हरल्यावर कोच नक्की कोणाशी बोलत असतो?

नेरूळला आमच्या मैदानावर मी बारा ते चौदा वयाच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवते, मंगळवारी संध्याकाळी आणि शनिवार-रविवार सकाळी, नऊ वर्षं होतील आता. दर सीझनला रात्री जागून मॅच बघितलेला कोणीतरी बाबा सकाळी लाल डोळ्यांनी पोराला सोडायला येतो आणि विचारतो, "मॅडम, काल बघितलंत का, चार गोल खाल्ले आणि तो कोच टीव्हीवर म्हणतो पोरांनी जीव तोडून प्रयत्न केला, चूक माझी. हे लोक सरळ खरं का नाही बोलत? आणि मग आत जाऊन पोरांना पेटवतात तरी कसं?" वेगवेगळ्या शब्दांत हाच प्रश्न मला एवढ्या वेळा आलाय की आता एकदाच नीट लिहून टाकते.

माझं म्हणणं असंय की प्रश्न पत्रकार विचारतो पण कोच उत्तर त्याला देतच नसतो. तो त्याच्या खेळाडूंशी बोलत असतो, कारण तो बसमध्ये चढायच्या आधी ते वाक्य खेळाडूच्या मोबाईलवर पोचलेलं असतं आणि त्याच्या आईच्या मोबाईलवरही.

आणि हे बोलणं त्याला टाळताही येत नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेत, मॅचच्या आदल्या दिवशी कोचला एका खेळाडूला सोबत घेऊन पत्रकारांसमोर बसावंच लागतं, मग शिट्टी वाजल्यावर थोड्याच मिनिटांत जाहिरातींच्या बोर्डासमोर उभं राहून टीव्हीला उत्तरं, आणि त्यानंतर परत प्रेस कॉन्फरन्स. म्हणजे छाती अजून धडधडतेय, शेवटच्या मिनिटाचा गोल डोळ्यासमोरून हलत नाहीये आणि समोर माईक. त्यात बंधनंही असतात, इंग्लंडमध्ये मॅचच्या आधी रेफ्रीबद्दल बोलायलाच मनाई आहे. म्हणून ते जे गुळमुळीत वाटतं ना आपल्याला, ते बऱ्याचदा आधी ठरवून ठेवलेलं असतं, काय बोलायचं नाही ते जास्त करून.

मी पालकांना नेहमी एकाच मॅचचं उदाहरण देते कारण तिथे दोन्ही बाजू दिसतात. १४ डिसेंबर २०१५, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधली लेस्टर विरुद्ध चेल्सी. चेल्सी आदल्या सीझनचे चॅम्पियन, कोच जोझे मोरिन्हो, आणि लेस्टर म्हणजे आदल्या वर्षी तळाला राहून खालच्या लीगमध्ये ढकलले जाता जाता कसेबसे वाचलेले. लेस्टर २-१ जिंकलं. मॅचनंतर मोरिन्होने टीव्हीवर सांगितलं की मी चार दिवस ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं लेस्टर गोल कसे करतात ते, आणि तरी आम्ही तसेच गोल खाल्ले, माझ्या कामाचा विश्वासघात झाल्यासारखं वाटतंय. आता यात खोटं काय होतं? मला तर काहीच दिसत नाही, त्याने खरंच शिकवलं असणार. पण एकदा ते जगासमोर बोलल्यावर सोमवारी रात्री ऐकलेलं ते वाक्य घेऊन मंगळवारी सकाळी प्रॅक्टिसला येणाऱ्या खेळाडूचा विचार करा. तीन दिवसांत मोरिन्होला जावं लागलं. तो त्या एका वाक्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही, १६ पैकी ९ लीग मॅच हरले होते ते, पण ते वाक्य ऐकताना मला तेव्हाच वाटलं होतं की आता हा माणूस त्या खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये परत जाऊ शकत नाही.

आता दुसऱ्या बेंचवरचा माणूस बघा, लेस्टरचा कोच क्लाउडिओ रानिएरी. त्या सीझनला लेस्टर वर वर चढत होतं आणि पत्रकार त्याला दर आठवड्याला विचारायचे, चॅम्पियन होणार का, आणि हा आपला एकच घोषा लावून, आधी ४० पॉइंट. तिकडे साधारण ४० पॉइंट झाले की लीगमधून खाली जायची भीती जाते असं मानतात, म्हणून ४०. जी पोरं आदल्या वर्षी घाबरून खेळली होती त्यांच्या खांद्यावर 'चॅम्पियन' हा शब्द त्याने ठेवूच दिला नाही, तो शब्द स्वतः अडवून धरला. आणि ती पिझ्झाची गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीच्या नऊ लीग मॅचमध्ये एकदाही असं झालं नव्हतं की यांनी गोल खाल्ला नाही, तर त्याने सांगितलं होतं, एक मॅच गोल न खाता काढा, मी सगळ्यांना पिझ्झा देतो. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टल पॅलेसला १-० हरवलं आणि तो खरंच सगळ्यांना घेऊन गेला, वर पिझ्झा त्यांनाच करायला लावला. करोडोंमध्ये कमावणारी माणसं हाताला पीठ लावून उभी. पैशाने होणार नाही ते यातून होतं, कारण लक्ष्य छोटं होतं, सगळ्यांचं मिळून होतं, एकट्या गोलकीपरचं नव्हतं, आणि पूर्ण झाल्यावर कोच शब्दाला जागला. २०१६ च्या मे महिन्यात लेस्टर चॅम्पियन झालं. पुढच्या फेब्रुवारीत रानिएरीलाही काढलं हेही सांगायला हवं, नुसतं चांगलं बोलून आयुष्यभर मॅच जिंकता येत नाहीत.

आर्सेनल क्लबचा तेव्हाचा कोच आर्सेन वेंगर तर आपल्या खेळाडूने काही वेडंवाकडं केलं की "मला दिसलं नाही" म्हणायचा, आणि नंतर त्याने स्वतःच कबूल केलं की कधी कधी दिसलेलं असायचं, पण बचाव करण्यासारखं काही सापडायचं नाही म्हणून तसं बोलायचो. इथे मात्र मला पटत नाही. आपल्या पोराची चूक झाकणं वेगळं आणि त्याने दुसऱ्याच्या पायावर लाथ मारली ते झाकणं वेगळं, माझ्या टीममध्ये असं झालं तर मी तिथल्या तिथे समोरच्या टीमसमोर माफी मागायला लावते.

हे सगळं मी टीव्ही बघून शिकले असं वाटेल, पण मी शिकले ते एका मुलाकडून. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये खारघरला एक छोटी टूर्नामेंट होती, मैदान म्हणजे नुसता चिखल, आणि शेवटच्या दोन मिनिटांत साधा येणारा बॉल आमच्या गोलकीपरच्या हातातून सुटून आत गेला, १-० हरलो. गेटपाशी एका पालकांनी विचारलं काय झालं मॅडम, आणि मी म्हणाले, "तो बॉल धरला असता तर वाचलो असतो." एवढंच. खरंच होतं ते. आणि मागे तो उभा होता, भिजलेली बॅग छातीशी धरून.

दोन आठवडे तो आला नाही. मग मी सीवूड्सला त्याच्या घरी गेले, त्याच्या आईने चहा ठेवला, ती बिचारी मलाच समजावत होती की अभ्यासामुळे आला नसेल. तो बाहेर आला आणि म्हणाला, "कोच, तुम्ही मला आधी सांगायचं ना." तेरा वर्षांचा मुलगा. रागावू नका असं तो म्हणालाच नाही, त्याला चूक ऐकायची होती, फक्त माझ्याकडून आणि सगळ्यांच्या आधी. तो परत आला, अजून येतो, डिफेन्सला चांगला खेळतो, पण ग्लोव्ह्ज परत घातले नाहीत आणि मी पण कधी आग्रह केला नाही.

तेव्हापासून गेटपाशी मी एकच बोलते, आज मी काय चुकले. बदली खेळाडू उशिरा उतरवला, पाऊस बघून लांब पास खेळायला सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही, असलं काहीतरी, आणि ते शोधायला गेलं की खरंच सापडतं, बनवावं लागत नाही. मग मंगळवारी त्या मुलाला पंधरा मिनिटं आधी बोलावते आणि सगळं स्वच्छ सांगते, गोड न करता, आणि लगेच तेच करून घेते, हातातून बॉल सुटला असेल तर ओला बॉल घेऊन चाळीस वेळा.

राहिला पेटवायचा प्रश्न. हाफ टाइमला मोठ्या मॅचमध्ये १५ मिनिटं मिळतात, आमच्याकडे जेमतेम पाच, आणि त्यातला पहिला भाग श्वास खाली बसण्यातच जातो, धापा टाकणाऱ्या मुलाला काहीही ऐकू जात नाही हे मी शंभर वेळा बघितलंय. म्हणून आधी पाणी, मग दोनच गोष्टी, आणि त्या पायाने करता येतील अशा, 'जिद्द दाखवा' वगैरे नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या एशियन कपची फायनल झाली, चीनची टीम हाफ टाइमला दक्षिण कोरियाच्या ०-२ मागे होती आणि ९० मिनिटांनंतरच्या इंजुरी टाइममध्ये गोल करून ३-२ जिंकली, त्यांच्या तेव्हाच्या कोच शुई चिंगशिया स्वतः जुन्या खेळाडू. मी घरी बघत होते आणि दुसऱ्या हाफला त्या मुली घाईत नव्हत्या हे मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. दोन गोल मागे असताना घाई न करणं, ते कोणीतरी आत शांतपणे बोललेलं असल्याशिवाय होत नाही असं मला वाटतं.

एक विनंती, गाडीत बसल्या बसल्या तुम्ही मुलाला जे पहिलं विचारता ना, ती पण त्याच्यासाठी प्रेस कॉन्फरन्सच असते. पाम बीच रोड संपेपर्यंत मॅचबद्दल बोलू नका, भूक लागली का विचारा, तो आपणहून बोलला तर ऐका. आणि ज्या बाबांनी गेल्या रविवारी सगळ्यांसमोर विचारलं की माझ्या मुलाचा डावा पाय कधी सुधारणार, त्यांनी मंगळवारी साडेसातला प्रॅक्टिस संपल्यावर एकटे या, मी सगळं सांगते, पण त्याला मी ते पावणेसहालाच सांगितलेलं असेल.